बिनशाईची लेखणी

बोरूने अक्षर काढताना तुम्ही कोणाला पाहिले आहे काय? नसेल तर घरातल्या आजोबांना विचारा. बोरूचे टोक चाकूने तिरके छाटायचे. त्या छाटलेल्या टोकाला कत म्हणत. कत चपटी असते. तिच्या धारेच्या दिशेने रेघ ओढली तर ती केसासारखी बारीक उमटते, आणि धारेला काटकोन करून ओढली तर कतीच्या रुंदीइतकी जाड. बोरू जोराने दाबला काय किंवा हलके धरला काय, जाडीत फारसा फरक पडत नाही. जाडी ठरते ती दिशेवरून. आपल्या देवनागरी अक्षराचे वळण या बोरूनेच घडवले.

आता कुंचला घ्या. त्याची गोष्ट अगदी उलटी. हलके टेकवला तर एकदोन केसांची रेघ, दाबला की केस पसरतात आणि रेघ फुगते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवत कथा सांगतात. ही चित्रकथी कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेथून जवळच असलेल्या सावंतवाडीत गंजिफाचे गोल पत्ते अजून हाताने रंगवतात. या दोन्ही ठिकाणची रेघ कुंचल्याची, म्हणजे दाबाची रेघ आहे.

बोरू आणि कुंचला या दोघांचेही काम करू पाहणारे एक तिसरे साधन आता बाजारात सर्रास मिळते. त्याचे नाव ग्राफिक्स टॅबलेट. काळी, गुळगुळीत, वहीएवढी एक पातळ फळी आणि तिच्याबरोबर शाई नसलेली एक लेखणी. फळी संगणकाला जोडायची, तिच्यावर लेखणी फिरवायची, आणि रेघ उमटते ती समोरच्या पडद्यावर. फळी कोरी ती कोरीच. टॅबलेट म्हटले की औषधाची गोळीही डोळ्यांपुढे येते आणि मोठ्या आकाराचा मोबाइलही. म्हणून आपण या फळीला सरळ 'पाटी' म्हणू. पाटी आणि लेखणी ही जोडी आपल्याला नवी नाही.

मी किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. या पाटीविषयी विचारायला येणारे विद्यार्थी अलीकडे वाढले आहेत. कोणाच्या घरी तारकर्लीला पर्यटक उतरतात आणि त्यासाठी फलक करायचा असतो. कोणाला कोकम सरबताच्या बाटलीवरचे लेबल करायचे असते, कोणाला दशावतारी नाटकाची जाहिरात. मुंबईला न जाता घरी बसून करता येण्याजोगे हे काम आहे, म्हणून त्यांची उत्सुकता मला समजते. साधी पाटी तीन-चार हजार रुपयांच्या आसपास मिळते. मासेमारी बंद असलेल्या दिवसांत ही रक्कम घरातून सहज निघत नाही, आणि एकदा पाटी आली की दुसरी काही वर्षे येत नाही. म्हणून खोक्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. खोक्यावर लिहिलेले असते : '८१९२ दाब-पातळ्या', 'दर इंचास ५०८० रेषा'. आकडे मोठे आहेत, पण आपल्या उपयोगाचे किती आहेत? हे कळायचे तर पाटीला लेखणी दिसते कशी, तेथून सुरुवात करावी लागेल.

लेखणी उघडून पाहिली तर आत बॅटरी नसते. तारही नसते. मग तिला शक्ती मिळते कोठून?

दहावीच्या विज्ञानात तुम्ही विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकता. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. पाटीच्या पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक तारांची वेटोळी उभी-आडवी, एकमेकांवर चढलेली अशी पसरलेली असतात. पाटी त्यांतल्या एकेका वेटोळ्यात क्षणभर असा प्रवाह सोडते, की जो सेकंदाला काही लाख वेळा दिशा बदलतो. त्यामुळे त्या जागी तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. लेखणीच्या टोकाजवळही एक चिमुकले वेटोळे असते आणि त्याला एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर, जोडलेले असते. वेटोळे आणि धारित्र यांच्या जोडीला स्वतःची एक ठरावीक वारंवारता असते. झोपाळ्याला जशी स्वतःची लय असते तशीच ही. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के देत राहिले तर थोड्याच वेळात तो उंच जातो, आणि भलत्या वेळी धक्के दिले तर जागच्या जागी घुटमळतो. याला संस्पंदन म्हणतात. जुन्या रेडिओचे बटण फिरवून आपण आकाशवाणीचे केंद्र लावतो, तेव्हा आतल्या गँग कंडेन्सरने हेच केलेले असते.

पाटी लेखणीच्या लयीतच धक्के देते, आणि लेखणीतले मंडल डोलू लागते. मग पाटी अचानक गप्प बसते आणि ऐकते. देवळातल्या घंटेवर टोल दिल्यावर हात काढून घेतला तरी नाद घुमत राहतो ना? तसे लेखणीतले मंडल क्षणभर घुमत राहते आणि आता त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पाटीतल्या वेटोळ्यांत प्रवाह निर्माण होतो. ज्या वेटोळ्यावर लेखणी आहे त्यात सर्वांत जास्त, शेजारच्यांत कमी. या कमीजास्तीवरून लेखणी नेमकी कोठे आहे याचे गणित पाटी करते. टोल देणे आणि ऐकणे हा खेळ अखंड चालू असतो. त्यातून साध्या पाटीलाही लेखणीची जागा सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कळते.

आणि दाब? येथे मला या यंत्राचे खरे कौतुक वाटते. लेखणीचे टोक दाबले की ते आतल्या बाजूला किंचित सरकते आणि धारित्राची किंवा वेटोळ्याची किंमत थोडीशी बदलते. त्याबरोबर मंडलाची वारंवारता बदलते. तंबोऱ्याची खुंटी किंचित पिळली की सूर चढावा, तसे. म्हणजे लेखणी 'मला एवढे दाबले आहे' हे पाटीला सुरातून सांगते. पाटी तो सूर ओळखते आणि संगणकाला आकडा कळवते.

हे सारे सुचायला वेळ लागला, बरे का. अमेरिकेतील रँड संस्थेने १९६४ साली अशी पाटी प्रसिद्ध केली. तिच्यात दर इंचास १०० तारा होत्या. सुमारे दहा इंच लांब आणि दहा इंच रुंद जागेत उभ्या-आडव्या हजार-हजार रेषा, म्हणजे दहा लाख बिंदू होतात. पण तिची लेखणी तारेने बांधलेली होती आणि ती पाटी प्रयोगशाळांनाच परवडणारी होती. जपानमध्ये वॅकॉम ही कंपनी १९८३ साली स्थापन झाली आणि तिने तारेविना, पुढे बॅटरीविनाही चालणारी लेखणी लोकांच्या हाती दिली. आता ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन अशा कंपन्याही बिनबॅटरीच्या लेखण्या बनवतात. स्पर्धेमुळे किंमत आपल्या आवाक्यात आली.

आता खोक्यावरचा आकडा घेऊ. दर इंचास ५०८० रेषा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. भाग घालून पाहा : एका मिलिमीटरात बरोबर २०० रेषा. छोट्या पाटीचे काम करणारे क्षेत्र समजा १५२ मिमी लांब आणि ९५ मिमी रुंद आहे, आणि तुमच्या संगणकाचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा आहे. पाटीची १५२ मिमी लांबी पडद्याच्या १३६६ ठिपक्यांवर पसरते. म्हणजे पाटीवरचा एक मिलिमीटर पडद्यावरच्या सुमारे ९ ठिपक्यांएवढा. पाटी त्याच मिलिमीटरात २०० रेषा मोजते. एका ठिपक्यासाठी बावीस रेषा! ठिपक्याच्या बाविसाव्या भागाचे बहुतेक वेळा पडद्यावर काहीच दिसत नाही. २५४० रेषांची पाटी घेतली तरी एका ठिपक्यामागे अकरा रेषा उरतात. तेव्हा ५०८० हा आकडा पाहून पाचशे रुपये जास्त देऊ नका.

दाब-पातळ्यांचे तसेच. ८१९२ म्हणजे २ चा तेरावा घात, २०४८ म्हणजे अकरावा. समजा तुमची सर्वांत जाड रेघ ४० ठिपके रुंद आहे. २०४८ पातळ्यांची पाटीसुद्धा रुंदीच्या एकेका ठिपक्यामागे पन्नासेक पायऱ्या देते. पण आपला हात तरी किती पायऱ्या ओळखतो? हे घरीच पाहा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्याच्यावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबून ५० ग्रॅम आणा, मग १००, मग २००. दहा वेळा सराव करा. आता डोळे मिटा, भावाला किंवा बहिणीला आकडा सांगायला लावा आणि तेवढेच दाबा. किती चुकते ते लिहून ठेवा. दहा-वीस पायऱ्या अचूक साधल्या तरी शाबासकी द्यायला हरकत नाही. (पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे बल आहे, दाब नव्हे, आणि ग्रॅम हे बलाचे एकक नाही. १० ग्रॅम म्हणजे अंदाजे ०.१ न्यूटन. पण काटा ग्रॅम दाखवतो, म्हणून येथे तसेच म्हणू.)

मग दाबाच्या बाबतीत पाहायचे काय? लेखणी जागी केव्हा होते, ते. काही लेखण्या तीन ग्रॅम वजनाएवढ्या स्पर्शालाही रेघ काढतात, काहींना त्याच्या कितीतरी पट दाबावे लागते. चित्रकथीतल्या पात्राच्या डोळ्याची कड काढायची झाली तर रेघ शून्यातून उगवावी लागते आणि शून्यातच विरावी लागते. लेखणी उशिरा जागी होत असेल तर रेघेचे सुरुवातीचे आणि शेवटचे टोक तुटल्यासारखे दिसते. पुष्कळ खोक्यांवर हा आकडा छापलेलाच नसतो! पण तो मोजणे अगदी सोपे आहे. काट्यावर एक जाड पुस्तक ठेवा, त्यावर पाटी ठेवा, तिची तार सैल सोडा आणि काटा शून्यावर आणा. आता चित्राचे सॉफ्टवेअर उघडून लेखणी टेकवा आणि हळूहळू दाब वाढवत जा. पडद्यावर पहिला ठिपका उमटताच काटा वाचा. पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढा. पुस्तक मध्ये कशाला, असे तुम्ही विचाराल. काट्याची ताटली पोलादी असेल तर ती पाटीच्या कामात लुडबूड करू शकते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात आणि ते मूळ क्षेत्र बिघडवतात. याच कारणासाठी लोखंडी टेबलावर किंवा लॅपटॉपच्या अंगावर पाटी ठेवून काम करू नये. चुंबक लावलेले मोबाइलचे कव्हरही दूर ठेवावे.

पाटीच्या आकाराकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तो पुढे बदलता येत नाही. साडेपंधरा इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३४५ मिमी रुंद असतो. पाटी १५२ मिमीची असेल तर हाताची प्रत्येक हालचाल पडद्यावर सव्वादोन पट मोठी होऊन दिसते. पाटी १० इंची, म्हणजे २५४ मिमीची असेल तर सुमारे १.३६ पट. चांगली हालचाल मोठी होते तशी हाताची थरथरही मोठी होते. छोट्या पाटीवर मनगटाने लिहिता येते. मोठ्या पाटीवर कोपरापासून हात फिरवता येतो आणि लांब, डौलदार वळणे सहज येतात. तेव्हा लेबल, छोटी चित्रे, फोटोंची दुरुस्ती एवढेच करायचे असेल तर सहा इंची पाटी पुरे. दशावतारातल्या संकासुराचे अंगभर वस्त्र आणि लांब जीभ मोठ्या झोकात काढायची असेल तर पैसे पातळ्यांवर घालवण्यापेक्षा आकारावर घालवावेत, असे माझे मत आहे. फक्त टेबल तेवढे मोठे हवे. समोर लॅपटॉप आणि बाजूला दहा इंची पाटी ठेवली की शाळेच्या डेस्कवर पेला ठेवायलाही जागा उरत नाही.

सावंतवाडीच्या गंजिफाकडे परत येऊ, कारण तिच्यामुळे एक सापळा चांगला कळतो. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात बारा पत्ते : राजा, प्रधान आणि एक ते दहा. अंकांच्या पत्त्यांवर त्या त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. एका गटात १ + २ + ३ असे १० पर्यंत, म्हणजे ५५ चिन्हे. दहा गटांत ५५०. कारागीर ही सगळी एकेक करून रंगवतो. संगणकावर दहा चिन्हे काढली की बाकीच्यांच्या नकला करता येतात. सोय मोठीच आहे, पण हाताने रंगवलेले दोन मासे कधीही तंतोतंत सारखे नसतात, आणि ती मौज नकलेत येत नाही. (दुसऱ्याने रंगवलेल्या पत्त्यांचे फोटो काढून त्यांवरून गिरवायचे आणि आपले म्हणून विकायचे, हा उद्योग कोणी करू नये. शिकण्यासाठी गिरवले तर गोष्ट वेगळी.)

सापळा असा. गंजिफाचा पत्ता गोल. तुम्ही पाटीवर ३० मिमी व्यासाचे बाटलीचे झाकण ठेवलेत आणि त्याच्या कडेने लेखणी फिरवलीत. झाकण प्लॅस्टिकचे घ्या. पत्र्याचे का नको, ते आता तुम्हीच सांगू शकाल. पडद्यावर वर्तुळ दिसायला हवे, दिसते अंडे! असे का? आडव्या दिशेने १५२ मिमीवर १३६६ ठिपके पसरले आहेत, म्हणजे एका मिमीला ८.९९. उभ्या दिशेने ९५ मिमीवर ७६८, म्हणजे एका मिमीला ८.०८. तीस मिमीचे झाकण आडवे २७० ठिपके आणि उभे २४२ ठिपके भरते. पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचे गुणोत्तर सारखे नाही, एवढाच याचा अर्थ. उपाय सोपा आहे. पाटीच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचे प्रमाण कायम राखण्याची खूण असते, ती करावी. किंवा पाटीचे उभे क्षेत्र ९५ ऐवजी साडेपंचाऐंशी मिमी ठेवावे. साडेनऊ मिमीची एक पट्टी वाया जाते, पण वर्तुळ वर्तुळ राहते. नवी पाटी आल्यावर सर्वांत आधी हे करा. नाहीतर हाताला खोटी सवय लागते.

सुलेखनाची आवड असणाऱ्यांसाठी बोरूचा प्रश्न उरलाच. लेखणी दाब सांगते, आणि बोरूला दाबाशी कर्तव्य नसते. म्हणून देवनागरी अक्षरे काढायला बसलात आणि दाबाने जाडी बदलणारा ब्रश घेतलात, तर अक्षर कुंचल्याचे होते. बोरूचे होत नाही. क्रिटा नावाचे एक फुकट आणि चांगले सॉफ्टवेअर आहे. त्यात चपटा ब्रश निवडा, त्याचा कोन ४५ अंशांवर पक्का करा आणि आकारावरचा दाबाचा परिणाम बंद करा. झाली तुमची कत तयार. मात्र जाणकार हात लिहिता लिहिता बोरू बोटांत किंचित फिरवतो, ते येथे साधत नाही. लेखणीतले वेटोळे गोल असते. ते स्वतःच्या अक्षाभोवती कितीही फिरवले तरी त्याचे चुंबकीय क्षेत्र तसेच्या तसे राहते, मग पाटीला कळणार कसे? काही पाट्या लेखणीचा कल ओळखतात, म्हणजे लेखणी कोणत्या बाजूला किती झुकली ते त्यांना कळते, कारण झुकलेल्या वेटोळ्याचे क्षेत्र एका बाजूला लांबते. कल वेगळा आणि पीळ वेगळा. पीळ ओळखणारी खास लेखणी असते, पण ती महागड्या पाट्यांबरोबरच चालते. अक्षराचे वेड असेल तर आधी कागदावर खऱ्या बोरूने वर्षभर लिहा. संगणकावर पुष्कळांनी पाहिलेला 'मंगल' हा देवनागरी टंक ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी मुळात सुलेखनकारच होते.

पाटी विकत घेण्यापूर्वी कोणाची तरी तासभर मागून घ्या. ते शक्य नसेल तर घरपोच आलेली पाटी परत करण्याची मुदत संपण्याच्या आत तपासा. एक तपासणी मला विशेष आवडते. प्लॅस्टिकची पट्टी पाटीवर तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश, गोगलगायीच्या गतीने रेघ ओढा. हात मदतीला धावून येणारे सॉफ्टवेअरमधले 'रेघ स्थिर करणे' आधी बंद करा. पडद्यावरची रेघ सरळ आली तर उत्तम. पण स्वस्त पाटीवर ती कधी कधी सापासारखी हलकी नागमोडी येते, आणि ती वळणे ठरावीक अंतराने येतात. कारण आठवा. वेटोळी एकमेकांपासून काही मिलिमीटर अंतरावर असतात आणि मधली जागा पाटी गणिताने ठरवते. त्या गणितात चूक असेल तर ती दर वेटोळ्याला तशीच पुन्हा होते. थोडी नागमोड जलद रेघेत दिसत नाही, म्हणून घाबरू नका. डोळ्यांत भरेल एवढी असली तर पाटी परत पाठवा. चारी कोपऱ्यांतही रेघ काढून पाहावी, कडेला चुका अधिक होतात.

दाब अजिबात लागत नसेल तर बहुधा पाटी बिघडलेली नसते. संगणकात आधीच्या एखाद्या पाटीचे सॉफ्टवेअर पडून असते आणि दोघांची भांडणे होतात. जुने पूर्ण काढून टाका, संगणक बंद करून सुरू करा, मग नव्या पाटीच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून सॉफ्टवेअर उतरवून घ्या.

घरी संगणक नाही, फक्त मोबाइल आहे, अशी स्थिती आपल्याकडे पुष्कळ घरांत असते. बऱ्याच पाट्या अँड्रॉइड फोनला जोडता येतात. खोक्यावर तसे लिहिले आहे का ते पाहा आणि जोडणीचा तुकडा बरोबर मिळतो का तेही विचारा. मात्र फोन उभा धरला की पाटीचा बराच भाग निकामी राहतो आणि एक अरुंद पट्टाच काम करतो. दहा इंची पाटी घेऊन फोनवरच काम करायचे असेल तर आकाराचे पैसे फुकट जातात. आणखी एक. शंभर रुपयांना रबरी टोकाची जी काडी मिळते, ती ही लेखणी नव्हे. फोनचा पडदा बोटाच्या विद्युत गुणधर्मावरून स्पर्श ओळखतो आणि ती काडी बोटाचे सोंग घेते. तिच्यात सूर नाही, म्हणून दाबही नाही.

पहिले पंधरा दिवस हात आणि डोळे यांचे पटत नाही. हात खाली, रेघ समोर. खाली पाहायचा मोह होतो, पण खाली काहीच नसते. रोज वीस मिनिटे नुसती वर्तुळे, आठाचे आकडे आणि 'श्री' काढा. पाटी पडद्याला समांतर, सरळ ठेवा. तिरकी ठेवली तर प्रत्येक रेघ तेवढीच तिरकी येते. लेखणीचे वेटोळे कागदातूनही पाटीशी बोलते, म्हणून आपणच पेन्सिलीने काढलेले चित्र पाटीवर चिकटवून ते वरून गिरवता येते. सुरुवातीला याचा फार उपयोग होतो. कागद एखाददुसराच असावा, जाड पुठ्ठा नको.

किनाऱ्यावरच्या वाचकांना एक वेगळी सूचना द्यावी लागते. पाटीचा मोठा शत्रू म्हणजे वाळू. आपल्या वाळूत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण पुष्कळ असतात आणि ते प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतात. एक कण लेखणीखाली आला तरी पाटीवर कायमचा ओरखडा पडतो. काम सुरू करण्यापूर्वी मऊ कोरड्या फडक्याने पाटी पुसा आणि हातही. खाऱ्या दमट हवेने तारेच्या टोकावरचे धातू गंजतात, म्हणून काम झाल्यावर तार काढून पाटी झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. लेखणीचे टोक झिजून एका बाजूने चपटे, धारदार झाले की ते चिमट्याने ओढून काढावे आणि नवे बसवावे. जास्तीची टोके बहुतेक खोक्यांत दिलेलीच असतात.